सर्व अटी वाचल्या आहेत

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, बाबा आहेत. फोनवर आपण दोघंही पहिल्याच वाक्याला सगळं ठीक म्हणून मोकळे होतो. त्यापुढे मला बोलताही येत नाही, कारण घर दीड खोल्यांचं आणि बाबांचे कान अजून तिखट. कागदावर मात्र मला थापा मारता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

परवा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते लांबलचक आहे आणि त्यातून काही कळत नाही. अर्थ एवढाच की जीभ आणि घसा हलवणारे स्नायू एकेक करून काम सोडतायत. हातपाय सध्या शाबूत आहेत, पण आवाज आधी जाणार. डॉक्टर म्हणाले, दोन महिने स्पष्ट बोलले तरी खूप समजा, आणि दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलवू नका. बाबांनी त्यांना विचारलं, हा अर्धा तास सलग की सुटा. डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना.

तिथल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी एक डिस्क आणि मायक्रोफोन दिलाय. त्या प्रोग्रॅममध्ये बाबांनी तीनशे वाक्यं वाचायची. वाक्यं त्यांचीच ठरलेली. तीनशे झाली की त्यांच्या आवाजाचा साचा तयार होतो आणि पुढे बाबा जे टाइप करतील ते कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलतो. तीनशेपेक्षा कमी भरली तर साचा होत नाही. रोज वीस-पंचवीस वाक्यं धरली तर दोन आठवड्यांचं काम.

पण प्रोग्रॅम बसतच नाही. हिरवी पट्टी बासष्ट टक्क्यांवर थांबते आणि चौकट येते: आवश्यक घटक सापडला नाही, इन्स्टॉलेशन थांबवले आहे. खालचा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर उतरवलाय, दोनदा ताडून. सात वेळा केलं, सातही वेळा बासष्टच.

तू ये असं मला लिहिता येत नाही. आई गेल्याला सहा वर्षं झाली, पण तुझं नाव निघालं की बाबा अजूनही उठून खिडकी लावायला जातात, मग ती आधीच लावलेली असली तरी. तुला विचारतेय हे मात्र मी त्यांना सांगितलंय. ते काही बोलले नाहीत. ही परवानगी समजावी की अर्ध्या तासाची काटकसर, ते ठरवता आलं नाही.

तुझ्या मायेची नेहमीसारखीच अपेक्षा,
तुझी खोडरबर

९ जानेवारी

चि. खोडरबरास,
अ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. आमच्या सर्व्हर मशिनांच्या हॉलमध्ये इतका आवाज असतो की तिथे माणसाला काही वाटलं तरी ते कुणाला दिसत नाही, तेवढं बरं आहे.

आधी काम. तो कॉम्प्युटर मीच घेऊन दिलेला, आता म्हातारा झालाय. नव्या प्रोग्रॅमला जो घटक लागतो तो त्या काळी नव्हता. घरी नेटची जोडणी नाही, म्हणून मी तो पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवतोय. क्रम असा: आधी अँटिव्हायरस बंद कर, नाहीतर तो या फाइलला चोर समजेल. मग पेनड्राइव्हवरचा घटक बसव. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू कर. हे चुकवू नकोस. मग डिस्क लाव. नवी चौकट आली तर अक्षर न अक्षर उतरवून पाठव. तुझ्या बाबतीत हे सांगायची गरज नाही, तू स्वल्पविरामही उतरवशील.

खरं सांगू? मी तिथे असतो तर हे पंधरा मिनिटांचं काम आहे.

बाबांना कमी बोलू दे. तूही त्यांना बोलायला लावू नकोस. तुमच्या दोघांत वादावादी फार चालते, मला माहीत आहे.

जपून असा,
दादा

१५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घटक बसला, अगदी तू लिहिलंस त्या क्रमाने. पट्टी बासष्टच्या पुढे सरकली तेव्हा बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. एक्याऐंशीला पुन्हा थांबली. नवी चौकट: या बदलासाठी मुख्य वापरकर्त्याची परवानगी हवी, पासवर्ड द्या. मुख्य वापरकर्ता तू आहेस. सहा वर्षं हे मशीन तुझ्या नावावर चाललंय, हे आम्हा दोघांनाही आत्ता कळलं. बाबांनी ते नाव पाहिलं, पण खिडकीकडे गेले नाहीत.

मी अंदाजाने चार पासवर्ड टाकले. पाचव्याला कुलूप लागेल अशी सूचना आली, तेव्हा थांबले. फोन करून विचारावा असं वाटलं, केलाही, तू पाळीवर होतास. पाळीवर तुमचे फोन लॉकरमध्ये ठेवतात ते मी विसरलेच होते. नंतर वाटलं, तू परत घरच्या नंबरवर फोन केलास आणि तो बाबांनी उचलला तर? म्हणून पुन्हा लावला नाही. खरंच त्यांना त्रास नको म्हणून, की मध्ये पडायला मी भ्याले, हे कालपासून स्वतःला विचारतेय. बहुतेक भ्यालेच.

बाबांचा ‘र’ या आठवड्यात गेला. गेला म्हणजे ‘ल’सारखा येतो. सकाळी ठीक असतो. काल मला म्हणाले की आता मी पुन्हा दोन वर्षांचा झालोय, घास भरव. मी हसले. मग ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, तेव्हा कळलं की घास त्यांना खरंच हवा होता. वाटी तोंडाला लावली की गिळायला त्रास होतोय.

लवकर लिही,
तुझी खोडरबर

२० जानेवारी

चि. खोडरबरास,
अ. आ.

आईची जन्मतारीख, आठ आकडे, मध्ये काही नाही. तू हा पासवर्ड टाकून पाहिला नाहीस याचं आश्चर्य वाटलं. कदाचित टाकावासा वाटला नसेल.

पासवर्ड दिलास की दोन-तीन चौकटी येतील, सगळीकडे पुढे-पुढे दाबत जा. शेवटी अटींचं पान येईल. एक पान दिसतं, खाली सरकवलंस तर चाळीसेक निघतील. ते कुणी वाचत नाही. जगात कुणीच वाचत नाही. खाली चौकोन आहे, त्यात खूण कर आणि पुढे जा. त्यानंतर काही अडणार नाही.

रोज पाळीवर जाताना त्या पट्टीचाच विचार असतो. इथे माझ्या हाताखाली चारशे मशीन आहेत आणि घरचं एक चालेना.

सुखरूप असा,
दादा

२८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पासवर्ड चालला. अटींचं पान आलं. पुढचं नीट लिहायला हवं, कारण त्यात माझा हात आहे.

खाली लिहिलं होतं: मी वरील सर्व अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत. मी वाचल्या नव्हत्या, म्हणून चौकोनावर माझं बोट अडलं. तू हसशील. बाबांनी विचारलं, काय झालं. सांगता आलं असतं की काही नाही, मशीन विचार करतंय. मी तुझं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं: दादा म्हणतो हे कुणी वाचत नाही, खूण कर आणि पुढे जा.

बाबांनी चष्मा मागितला.

त्यांनी पस्तीस वर्षं कचेरीबाहेरच्या टेबलावर दस्त लिहिले आणि सही करणाऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कधी बोट टेकवू दिलं नाही. आपल्याही घरात शाळेच्या फॉर्मपासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं वाचून झाल्यावरच सही व्हायची. मग तू तो नोकरीचा करार न वाचता सही करून आलास. पाच वर्षं रजा नाही हे कलम त्यात होतं, ते आपल्याला कळलं आई अंथरुणाला खिळल्यावर. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे मला तेव्हाही माहीत होतं, तुझं वाक्य त्यांना सांगताना.

अडतीस पानं आहेत. मी म्हटलं, मनात वाचा. ते म्हणाले, मनात वाचलेल्याला वाचलेलं म्हणत नाहीत. मी म्हटलं, मग मी वाचते. तर म्हणाले, आवाज कुणाचा विकायचाय, तुझा?

रोजचा अर्धा तास त्यातच जातो. चार दिवसांत चौदा पानं झाली. मला आनंद होतोय, हेही लिहायला हवं. किती महिन्यांनी ते ताठ बसलेत. प्रत्येक स्वल्पविरामाला थांबतात. एका कलमाला म्हणाले की हे ज्याने लिहिलं त्याला माझ्या टेबलावर वर्षभर बसवायला हवं होतं. मी बाजूला बसून पडद्यावर बोट धरते, ओळ चुकू नये म्हणून.

आणखी आठवडा जाईल. वाक्यं त्यानंतर सुरू करू. चालेल ना?

तुझी,
खोडरबर

१ फेब्रुवारी

खोडरबर,

चालणार नाही. थांबव त्यांना. हे पत्र मिळेल त्या क्षणी खूण कर. ते झोपलेले असताना कर, मीच करायला लावली म्हणून सांग, काहीही सांग.

तो अर्धा तास तीनशे वाक्यांसाठी आहे गं. अटी ऐकायला कुणी बसलेलं नाही. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

फोन केला. तुझा मोबाइल लागेना, म्हणून घरच्या नंबरवर लावला. तू कामावर होतीस, त्यांनी उचलला. मी बाबा म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण ठेवलाही नाही. मला श्वास ऐकू येत होता. मीच ठेवला. ते बोलायला गेले असते तर आणखी एक मिनिट खर्ची पडलं असतं असं तेव्हा वाटलं. आता ते कारण मला पटत नाही.

त्यांना सांग की तो करार मी वाचायला हवा होता. सहा वर्षांत हे मी कुणाला म्हटलेलं नाही. तू जसंच्या तसं सांगतेस ना सगळं, मग हे सांग.

दादा

८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सहा तारखेला आलं. बाबांनी पाचला अडतिसावं पान संपवलं होतं. शेवटची चार पानं वाचायला दोन दिवस लागले. एकोणतिसाव्या पानावर कलम होतं की तयार झालेला आवाज कंपनीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या मशिनवर नेता येणार नाही. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि खूप हसले, हसता हसता ठसका लागला. शेवटी म्हणाले, वाचून दाखवले, बरोबर आहे, आणि माउस स्वतःच्या हाताने धरून खूण केली. प्रोग्रॅम बसला. एकही चूक आली नाही. पट्टी शंभरवर गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आता ते आठवलं की हात लपवावेसे वाटतात.

त्याच दिवशी वाक्यं सुरू केली. पहिल्या दिवशी बावीस. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग बेचाळिसावं वाक्य आलं: आज हवा छान आहे. बाबांनी वाचलं. चौकट आली: आवाज ओळखता आला नाही, कृपया पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. अकरा वेळा वाचलं. दर वेळी तीच चौकट, तेच ‘कृपया’. मी मायक्रोफोन जवळ नेला, लांब नेला, वायर काढून लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तू शिकवलेलं सगळं केलं. शेवटी बाबांनी माझा हात बाजूला केला. मशीन बरोबर सांगत होतं. मलाही त्यातलं फक्त ‘आज’ कळत होतं.

आज सकाळी तेही कळलं नाही. आता वही-पेन्सिल आहे.

तू विचारलंस, लक्षात कसं आलं नाही. तीन दिवस तेच धरून बसले आहे. आलं होतं. चौथ्या-पाचव्या पानालाच आलं होतं. पण त्यांना थांबवायचं तर तू म्हणालास तेच बरोबर, असं मला म्हणावं लागलं असतं. दादा, इथे राहिले मी. आईचं केलं मी. तुझं वाक्य त्यांना सांगताना मला खरं बोलायचं होतं, हे मी मागच्या पत्रात जवळजवळ लिहिलंच होतं. पण ते पुरतं खरं नाही. दादा अजून तसाच आहे हे त्यांनी ऐकावं, असं मला वाटत होतं. एक क्षणभरच. पण तो क्षण अडतीस पानं चालला.

कराराबद्दलचं तुझं म्हणणं सांगितलं. शब्द बदलला नाही. त्यांनी मान हलवली. होकार की नुसती ऐकल्याची, ते ठरवणार नाही.

तुझी,
खोडरबर

१३ फेब्रुवारी

चि. खोडरबरास,

ते अटी वाचत होते तेव्हा तुझ्या फोनवर रेकॉर्ड केलंस का? साच्याला चाललं नसतं, पण निदान आवाज राहिला असता. अडतीस पानं म्हणजे पाच-सहा तासांचा आवाज.

केलं नसशील हे लिहितानाच कळतंय. मलाही सुचलं नाही, आणि मी दिवसभर लोकांची माहिती साठवून ठेवायचंच काम करतो. तेव्हा तुझ्या त्या क्षणाचा अर्धा वाटा माझ्याकडे दे. सहा वर्षं मी येत नव्हतो, त्याचं कारण ते रागावतील एवढंच होतं. पंधरा मिनिटांचं काम आपण चाळीस दिवस पत्रांतून केलं.

रजा टाकली आहे. मंजूर झाली. करारात बसते, वाचून पाहिलं. पण त्यांना विचारल्याशिवाय उंबऱ्याशी उभा राहणार नाही. विचार. जे सांगतील ते तसंच कळव.

दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही केलं रेकॉर्ड. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स खुर्चीला लटकलेली होती, आणि माझं बोट पडद्यावर होतं. यापुढे त्याबद्दल लिहिणार नाही, विचार मात्र रोज त्याचाच करणार आहे.

वाचा-उपचाराच्या बाई येऊन गेल्या. एक्केचाळीस वाक्यांचा साचा होत नाही म्हणाल्या. प्रोग्रॅममध्ये एक तयार आवाज आहे, कुणा परक्या माणसाचा, गुळगुळीत. त्यांनी बाबांकडून दोन शब्द टाइप करवून घेऊन तो ऐकवला. बाबांनी ऐकून घेतलं, त्यांना हात जोडले, आणि त्या गेल्यावर तो आवाज बंद करायचं बटण मला विचारून घेतलं. आमची एक्केचाळीस मात्र मशिनमध्ये आहेत. सुटी-सुटी वाजतात. दार लावून घ्या. मला चहा नको. उद्या दुकान बंद राहील. दोन नंबरच्या खिडकीवर चौकशी करा. अशीच सगळी. तुझं नाव नाही, माझं नाही, आईचं तर नाहीच. डॉक्टर आले तेव्हा बाबांनी त्यांना ‘उद्या दुकान बंद राहील’ वाजवून दाखवलं. डॉक्टरांना हसू आवरेना. मला आवरलं.

वजन चार किलोने उतरलंय. घोट चुकतो, मग श्वासही. पुढचं काय ते डॉक्टरांनी मला जिन्यात सांगितलं. ते तुला समोर सांगेन.

तुझं पत्र काल दुपारी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, मोठ्याने. रजेच्या ओळीपाशी त्यांनी बोट वर केलं, म्हणून ती पुन्हा वाचली. मग ते उठून कॉम्प्युटरपाशी गेले. पहिल्या वाक्यापासून ऐकायला लागले. मला वाटलं, आपला आवाज ऐकावासा वाटत असेल, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, एक संपलं की दुसरं, एक्केचाळीसपर्यंत. मग पुन्हा एकपासून. दुसऱ्या खेपेला काही वाक्यांपाशी ते थांबत होते, तेच वाक्य परत लावत होते, मग पुढे जात होते. चहा गाळेपर्यंत शांतता झाली होती.

मी गेले तेव्हा पडदा काळा होता आणि वही माझ्या खुर्चीवर ठेवलेली होती. लिहिलं होतं: सगळी ऐकली. यात ‘ये’ कुठेच नाही. तू लिही.

मी विचारलं, एवढंच लिहू का. त्यांनी मान हलवली. ही मान होकाराची होती, मी शपथेवर सांगते.

दादा, ये.

वाट पाहतोय,
बाबा आणि तुझी खोडरबर